लांब केसांचा कर्ली पर्म: सगळं टोकांवर अवलंबून आहे

विचारलंय असं की केस कमरेपर्यंत आहेत, सरळ आणि मऊ, शेवटच्या वीतभर भागात दोन वर्षांपूर्वीचे हायलाइट्स अजून आहेत, कर्ली पर्म, म्हणजे केमिकलने केस टिकाऊ कुरळे करणं, करायची खूप इच्छा आहे पण लांबी घालवायची नाही, आणि मैत्रिणीचे लांब केस पर्मनंतर खाली इतके राठ झाले की शेवटी खांद्यापर्यंत कापावे लागले म्हणून भीती वाटतेय. पर्म टिकतो किती, केस गळतात का, आणि कोल्ड (उष्णता न देता नुसत्या लोशनने) करावा की डिजिटल (तापणाऱ्या रॉडवर), हे पण विचारलंय. मी बरीच वर्षं पर्म करतेय, त्यात लांब केसांचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लांब केसांवर पर्म होतो आणि फार सुंदर होतो. पण आखूड केसांचा पर्म आणि लांब केसांचा पर्म हे एकच काम मोठ्या मापात केलं असं नाहीये, आणि बहुतेक ठिकाणी तिथेच गडबड होते. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात म्हणजे वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास. तुमचे कमरेपर्यंतचे केस 75 सेंटिमीटर धरले तर टोकाचा केस पाच वर्षांचा झाला. पाच वर्षांचं ऊन, विंचरणं, ड्रायर, कलर, घट्ट रबरबँड, सगळं त्या टोकाने सोसलंय आणि मुळाशी असलेला केस मागच्याच महिन्यात बाहेर आलाय. एकाच केसाची ही दोन टोकं, पण पर्मचं लोशन दोन्हीकडे सारखं वागत नाही. केसाच्या बाहेरच्या थरावर बारीक खवले असतात, मुळाजवळचे खवले घट्ट मिटलेले असतात तिथे लोशन हळूहळू शिरतं, टोकाला खवले आधीच उघडलेले किंवा झिजून गेलेले असतात तिथे ते लगेच आत जातं. त्यामुळे मुळाकडे नीट वळण यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात टोकं जळून जाऊ शकतात. तुमच्या मैत्रिणीचं नेमकं काय झालं ते केस न बघता कसं सांगणार, पण वर छान लाटा आणि खाली राठ भुरभुरीत केस असं चित्र असेल तर ते बहुतेक वेळा याच कारणाने असतं.

आत काय होतं ते थोडं कळलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. केस केराटिनचा, आणि त्याला आकार धरून ठेवतात ते गंधकाचे बंध. साध्या कोल्ड पर्मच्या लोशनमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, पीएच साधारण 9 ते 9.6, ते यातले काही बंध तोडतं आणि केस मऊ पडून ज्यावर गुंडाळलाय त्या रॉडचा आकार घेतो. मग न्यूट्रलायझर, त्यात बहुतेक हायड्रोजन पेरॉक्साइड असतं फारच कमी टक्क्यांचं, ते बंध नव्या जागी परत जोडतं. लोशन म्हणजे मोडणं आणि न्यूट्रलायझर म्हणजे बांधणं, बस. ज्या केसात मोडायला धड बंधच उरले नाहीत त्याला वळण येत नाही, तो फक्त तुटतो.

म्हणून मी पहिल्या भेटीत कधीच पर्म करत नाही, फक्त केस तपासते आणि प्रश्न विचारते, आणि प्रश्न मागच्या पाच वर्षांचे विचारते, मागच्या सहा महिन्यांचे नाही. स्मूदनिंग किंवा रीबाँडिंग कधी झालं होतं का, कारण त्यात बऱ्याचदा हेच थायो (थायोग्लायकोलेट) वापरलेलं असतं आणि त्या भागावर पुन्हा थायो म्हणजे टोकं गेलीच समजा. सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर (केस सरळ करणारं केमिकल) कधी लावला असेल तर त्या केसावर पर्म करायचाच नाही, अजिबात नाही, कारण त्यात बंध वेगळ्याच पद्धतीने बदलतात आणि थायो ते उघडू शकत नाही. ब्लीच किती झालंय, घरी कुठला कलर लावला, मेंदी लावत होतात का. शुद्ध मेंदीचा थर केसावर बसतो, लोशन सगळीकडे सारखं आत जात नाही आणि पर्म कुठे धरतो कुठे धरत नाही असा होतो. पण काळी मेंदी नाहीतर हळूहळू केस काळे करणारी उत्पादनं यात धातूचे क्षार असू शकतात आणि ते जास्त धोक्याचं, लोशन आणि पेरॉक्साइडशी त्यांची रिअॅक्शन होऊन केस गरम होऊ शकतात, रंग विचित्र होतो, तुटतात. शंका असेल तर कंगव्यात निघालेले थोडे केस अमोनियाचे थेंब घातलेल्या 6 टक्के पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास भिजवून बघतात, गरम झालं, घाण वास आला किंवा रंग झपाट्याने बदलला तर पर्म रद्द. ही टेस्ट सलूनमध्ये करून घ्या, घरी नको.

आता घरी करता येईल अशी एक. टोकाकडचा एक केस घ्या, ओला करा, दोन्ही चिमटीत धरून हळू ताणा. चांगला ओला केस आपल्या लांबीच्या जवळजवळ निम्म्याने ताणला जातो आणि सोडल्यावर परत जागेवर येतो. तुमचा ताणला जाऊन तसाच लोंबत राहिला, चिकट रबरासारखा झाला, किंवा ताणण्याआधीच तुटला, तर त्या भागाला पर्म नको. हीच टेस्ट केसाच्या मधल्या भागावर करा आणि मुळाकडच्या भागावरही, आणि डोक्याच्या चार जागांवरचे केस घेऊन करा. तुमच्या हायलाइट्सच्या वीतभरात केस लोंबला तर मी तुम्हाला सरळ सांगेन की तो भाग आधी कापा किंवा पर्म वर्षभर पुढे ढकला. वाईट वाटतं ऐकायला, मला सांगतानाही वाटतं, पण ती वीत पर्मनंतर तशीही जाणार असते आणि जाता जाता वरच्या चांगल्या केसात गुंता करून तोही तोडते. काही जणी म्हणतात की टोकांना खूप कंडिशनर लावून बाहेर ठेवा, फक्त वरचा भाग कुरळा करा. केलं जातं तसं, पण वर कुरळं आणि खाली सरळ लोंबतं ते दिसायला बरं दिसत नाही आणि रोज त्या टोकांना कर्लर लावत बसावं लागतं, म्हणजे उष्णता परत टोकांनाच.

लांबीबद्दल पण बोलू या. कुरळे झाल्यावर केस वर चढतात. मोठ्या सैल लाटा असतील तर थोडे, बारीक गोल कर्ल असतील तर खूपच, कमरेचे केस पाठीच्या मध्यावर किंवा त्याच्याही वर दिसू शकतात. केस कापलेला नसतो तरी आरशात लांबी गेलेली दिसते आणि बऱ्याच जणींना रडू येतं ते यामुळे. यावर माझा आवडता उपाय म्हणजे केमिकल न लावता रंगीत तालीम. त्याच मापाचे रॉड, नुसतं पाणी आणि थोडं जेल, गुंडाळायचं, पूर्ण सुकू द्यायचं, सोडायचं. दिवसभर तसंच फिरा, फोटो काढा, झोपून उठून बघा. पहिल्या धुण्यात निघून जाईल आणि तुम्हाला कळेल की लांबी कुठे येते, चेहऱ्याभोवती किती फुगतं, आणि मुळात तुम्हाला कर्ल हवेत की लाटा. कितीतरी जणींचा रॉडचा साइझ या तालमीनंतर बदलतो. आणि केस एका लांबीचे कापलेले असतील तर याच तालमीत दिसेल की वर चपटं आणि खाली पसरट असा त्रिकोण होतो. तेव्हा थोडे लांब लेयर्स हवेतच, खालची लांबी न घालवता आतून वजन कमी करता येतं, पण रेझरने पातळ केलेली टोकं नकोत, अशी टोकं रॉडवर नीट बसत नाहीत.

गुंडाळणं हा लांब केसांच्या पर्मचा जीव आहे. दोन मुख्य पद्धती. एकात टोकापासून मुळाकडे गुंडाळत जातात, केसावर केस चढत जातो. आखूड केसांना ही उत्तम. लांब केसात मात्र रॉडवर इतके थर होतात की सगळ्यात आतली टोकं रॉडच्या खऱ्या मापाची होतात, आणि बाहेरचा मुळाकडचा भाग थरांमुळे जाड झालेल्या गोळ्यावर गुंडाळलेला असतो म्हणून जवळजवळ सरळच राहतो. टोकाला बारीक वेटोळी, वर काहीच नाही. दुसरी स्पायरल, यात रॉड उभा धरून केस त्याच्या लांबीवर एकाशेजारी एक वेढे घेत चढवतात, त्यामुळे मुळापासून टोकापर्यंत कर्ल जवळजवळ एकसारखा येतो. लांब केसांना हीच हवी. गंमत म्हणजे पर्मची सुरुवातच यातून झाली. कार्ल नेसलरने 1905 च्या सुमारास लंडनमध्ये दाखवलेली पद्धत स्पायरल होती, तापवलेल्या पितळी रॉडवर, आणि ती फक्त लांब केसांनाच चालायची. नंतर 1920 च्या दशकात बॉब कट आला, तेव्हा आखूड केसांसाठी टोकाकडून गुंडाळायची पद्धत आली आणि पुढे तीच नेहमीची होऊन बसली. आजही नेहमीचं काम तसंच शिकवलं जातं म्हणून सलूनमध्ये विचारा की स्पायरल करता का आणि लांब रॉड आहेत का. केस फारच लांब असतील आणि एका रॉडवर मावत नसतील तर एका बटेला दोन रॉड लावतात, मधून मुळाकडे एक आणि टोकाकडे एक, हे पण विचारून बघा, उत्तर देताना समोरची व्यक्ती गोंधळली तर तिने लांब केस फारसे केलेले नाहीत.

रॉडचं माप निवडताना लक्षात ठेवा की लांब केस जड असतात, स्वतःच्या वजनाने कर्ल ओढून सैल करतात. जो कर्ल फोटोत आवडला त्याच्या मापापेक्षा किंचित बारीक रॉड घ्यावा लागतो. बटा बारीक घ्यायच्या, टोकाला कागद नीट दुमडून लावायचा, टोक वाकडं बसलं तर ते वाकडंच राहतं आणि मग कापण्यावाचून इलाज नाही. रबर मुळाशी रुतायला नको, तिथेच केस तुटतो. गुंडाळताना डोक्याला ताण बसत असेल तर लगेच सांगा, ओला केस ताणून गुंडाळला तर लोशन लावल्यावर आणखी ताणला जातो.

आता त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लांब दाट केस गुंडाळायला दोन-तीन तास सहज जातात. काही जण लोशन लावत लावत गुंडाळतात. आखूड केसांना अर्ध्या तासात होतं म्हणून चालून जातं. लांब केसांना असं केलं तर पहिल्या रॉडवर लोशन लागून दोन तास झालेले असतात तेव्हा शेवटचा रॉड चढत असतो, मग मानेकडचे केस गेले आणि पुढचे सरळ राहिले असं होणारच. म्हणून गुंडाळायचं नुसत्या पाण्यावर, टोकांना आधी प्रोटीनवालं लीव्ह-इन (न धुता ठेवायचं कंडिशनर) लावून ठेवायचं म्हणजे लोशन तिथे जरा सावकाश शिरतं, आणि सगळे रॉड झाल्यावर मग लोशन, भरभर, एका क्रमाने. घड्याळावर विश्वास ठेवायचा नाही, दर थोड्या मिनिटांनी टेस्ट कर्ल बघायचा. रॉड दीड वेढा सोडायचा, केस न ताणता डोक्याकडे हलकेच ढकलायचा, इंग्रजी एस सारखी स्वच्छ लाट रॉडच्या मापाची दिसली की थांबायचं. मानेवर, टाळूवर आणि दोन्ही कानांजवळ असं वेगवेगळ्या जागी बघायचं, आणि लांब केसात एक तरी रॉड टोकापर्यंत उघडून टोकाची अवस्था बघायची. टोकं बोटाला गिळगिळीत लागली तर वरचा कर्ल झाला नसला तरी थांबवावं असं माझं मत आहे, सैल कर्ल परवडतो, गेलेली टोकं परत येत नाहीत.

मग रॉड न काढता धुणं. इथे घाई केली की आधीची सगळी मेहनत पाण्यात. नेहमीच्या केसांना निदान पाच मिनिटं सांगतात, लांब दाट केसांना मी त्याहून बरीच जास्त देते, कारण लोशन थरांच्या आत अडकलेलं असतं आणि आत राहिलेलं लोशन आपलं काम करतच राहतं. नंतर टॉवेलने एकेक रॉड दाबून पाणी टिपायचं, कारण केसात पाणी भरलेलं असेल तर न्यूट्रलायझर पातळ होतो आणि बंध अर्धवटच जुळतात. दोन आठवड्यांत पर्म उतरला असं म्हणणाऱ्यांच्या बाबतीत पुष्कळदा दोष इथला असतो, लोशनचा नाही. न्यूट्रलायझर भरपूर, एकदा रॉडवर पूर्ण वेळ, मग रॉड न ओढता हलक्या हाताने सोडून उरलेला टोकांपर्यंत. लांब केसांना एक बाटली पुरत नाही, दुसरी आधीच फोडून ठेवलेली असावी. आणि डोक्याच्या कातडीवर जखम, ओरखडा, पुरळ असेल तर त्या दिवशी पर्म नाही. आधी कानामागे पॅच टेस्ट पण करून घ्या, अॅसिड पर्म (कमी पीएचच्या लोशनचा पर्म) असेल तर त्यातल्या ग्लिसरिल मोनोथायोग्लायकोलेटची अॅलर्जी होऊ शकते.

डिजिटल की कोल्ड. डिजिटलमध्ये लोशन लावून केस मऊ करतात, धुतात, मग तापणाऱ्या रॉडवर गुंडाळून उष्णतेने आकार देतात आणि शेवटी न्यूट्रलायझर. यातल्या लाटा मोठ्या आणि सैल असतात, केस वाळल्यावर जास्त उठून दिसतात. कोल्डचे कर्ल ओले असताना घट्ट आणि वाळताना सैल होतात. दाट, जाडसर, निरोगी लांब केसांना डिजिटल फार शोभतो आणि टिकतोही जास्त. पण यात टोकांना केमिकल आणि उष्णता दोन्ही सोसावं लागतं, शिवाय रॉड गरम असल्यामुळे मुळाच्या अगदी जवळ जाता येत नाही. तुमचे केस मऊ आणि टोकांना जुने हायलाइट्स, तर मी सौम्य लोशनचा कोल्ड स्पायरलच करेन, तो पण हायलाइट्सचा खराब भाग कापल्यावर.

केस गळतात का? पर्म केसाच्या बाहेर आलेल्या भागावर काम करतो, मुळावर नाही. कातडी भाजली नसेल तर मुळापासून गळायचं कारण नाही. पर्मनंतर हातात येतात ते बहुतेक मधून तुटलेले केस. केस उचलून टोक बघा, बारीक पांढरी गाठ असेल तर मुळापासून आलेला, तो रोजच थोडा गळतोच. गाठ नसेल आणि लांबी कमी असेल तर तुटलेला, म्हणजे त्या भागात प्रोसेसिंग जास्त झालंय.

पहिले दोन दिवस धुऊ नका, बांधू नका, कानामागे घट्ट खोचू पण नका. धुताना सल्फेट नसलेला शांपू फक्त डोक्याला, फेस खाली उतरतो तेवढा टोकांना पुरतो, आणि कंडिशनर कानाच्या खाली भरपूर. विंचरायचं ते केस ओले असताना, कंडिशनर लावलेले असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरू करून वर वर जात. वाळलेले कुरळे केस विंचरले की कर्ल मोडून नुसता फुगारा होतो. टॉवेलने घासायचं नाही, जुना सुती टीशर्ट घेऊन खालून वर ओंजळीत दाबायचं, मग लीव्ह-इन, मग थोडं जेल, वाळल्यावर जेलचा कडकपणा हाताने मोडायचा. डिफ्युझर (ड्रायरला लावायचं, हवा पसरवणारं तोंड) वापरायचा तर मंद. डिजिटल असेल तर वाळवताना बोटावर बट फिरवत वाळवा. धुण्याआधी टोकांना खोबरेल तेल लावलेलं चांगलं, केसातलं प्रोटीन धुपून जाणं कमी होतं, पण थोडंच, चोपडून नाही, जास्त तेलाच्या वजनाने लांब कर्ल सैल पडतो. रात्री केस वर घेऊन सैल अंबाडा आणि सॅटिनची उशी, लांब केसांचा निम्मा गुंता झोपेतच होतो. कलर करायचा असेल तर पर्मनंतर, मधे निदान दोन आठवडे जाऊ द्या, आधी केला तर लोशन रंग उतरवतं.

टिकतो किती, तर बंध एकदा नीट जुळले की कुरळा झालेला भाग कापेपर्यंत कुरळाच, वजनाने आणि वापराने सैल होत जातो एवढंच. कोल्ड लांब केसांवर तीन ते सहा महिने छान दिसतो, डिजिटल त्याहून जास्त. पण मुळाशी सरळ केस येत राहतात आणि चार-पाच सेंटिमीटर झाले की वर चपटं दिसायला लागतं. तेव्हा पूर्ण डोक्याचा पर्म पुन्हा करायला कोणी सुचवलं तर नाही म्हणा, टोकांना दुसऱ्यांदा थायो लावायचं नाही. नवा केस रॉडवर नीट दोन-अडीच वेढे घेईल इतका वाढू द्या, तोवर भांग बदलून किंवा मुळाशी क्लिप लावून केस वाळवून वर उचल देता येते. मग फक्त मुळांचा पर्म करा, आधीच्या कुरळ्या भागाला जाड कंडिशनर लावून वर प्लास्टिक गुंडाळून, आणि जिथे जुनं आणि नवं मिळतं तिथून लोशन पेरभरसुद्धा खाली जाणार नाही हे करणाऱ्याला दोनदा सांगा, केस नेमका त्या जोडावर तुटतो.